दोन घरांचं मांजर

आई गेल्यावर बाबांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. रुसवा नव्हता, रडणं नव्हतं. एखादा पंखा रेग्युलेटरवर एकेक घर खाली आणावा तसे ते शांत होत गेले. मी एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. उजाडता उजाडता घर सोडते आणि दुपार कलल्यावर परत येते. तेवढा वेळ मांजलपूरच्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, बाबा एकटे असत. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या टेबलाशी ज्यांनी नोकरी काढली, ते आता दिवसभर बाहेरच्या झोपाळ्यावर, आमच्या हिंचक्यावर, बसून समोरच्या भिंतीकडे पाहत. मी विचारायची, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." झाकून ठेवलेल्या ताटातली भाजी निम्मी तशीच असायची.

सोबतीला बाई ठेवू या म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला. "मी काय तान्हं मूल आहे?" एवढं एकच वाक्य, पण बरेच दिवसांनी जरा मोठ्या आवाजातलं. नोकरी सोडायचा विचार मी केला आणि बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर शाळेत मला बरं वाटायचं. वर्गातला गोंगाट, ॲसिडचा वास, स्टाफरूममधला चहा. गेटातून आत शिरलं की छातीवरचं काहीतरी उतरायचं, आणि ते उतरतं म्हणून परतीच्या वाटेवर स्वतःचाच राग यायचा.

मांजर आणायचं डोक्यात आलं ते असं. फोनवर कुणीतरी पादरा गावाच्या रस्त्यावरच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानाचे फोटो पाठवले होते. सोडवून आणलेली कुत्री, मांजरं, एक लंगडं गाढव. मी ते फोटो पाहिले आणि मनात म्हटलं, घरात एखादा जीव असला तर मी नसताना बाबांना तेवढीच सोबत. हा विचार तेव्हा मला फार शहाणपणाचा वाटला होता.

रविवारी बाबांना म्हटलं, "येता का बरोबर?"

"कुठे?"

"जरा फिरून येऊ. पादऱ्याच्या बाजूला."

"तू जा," ते म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

आश्रयस्थान म्हणजे शेताकडेला पत्र्याची लांबलचक शेड आणि तिला लागून जाळीच्या खोल्या. ते चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. त्यांनी मला मांजरांच्या खोलीत नेलं आणि उभ्या उभ्याच विचारायला सुरुवात केली. त्या गुजरातीत बोलत होत्या, मीही. घरात कोण कोण असतं, दिवसा कोण असतं, अंगणाला कुंपण आहे का. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मांजर तुम्हाला नकोय. वडिलांसाठी हवंय."

"हो."

"मग ते का नाही आले, बेन?"

तेवढ्यात एका पिवळ्या पिलाने माझी ओढणी पकडली आणि तिला लोंबकळत वर चढायला लागलं. मी हसले आणि म्हटलं, हेच द्या. बाईंनी ते सोडवून खाली ठेवलं. "म्हाताऱ्या माणसाच्या घरात पिलू नको. पायात येईल, पडतील ते. मोठं मांजर न्या, शहाणं."

वरच्या फळीवर, सगळ्यांपासून लांब, एक राखाडी मांजरी बसली होती. पोट आणि पुढचे पाय पांढरे. नसबंदी झाली आहे हे कळावं म्हणून तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. ती आमच्याकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती.

"ही शहरातल्या वाडी भागातली," बाई म्हणाल्या. "एका जुन्या पोळमधलं, बोळातलं घर. एक आजी एकट्या राहायच्या. त्यांना अँब्युलन्समधून नेलं आणि घराला कुलूप लागलं. ही आत. शेजाऱ्यांना रडण्याचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावलं. मागच्या खिडकीचा गज वाकवून काढली. हाडं नि कातडं उरलं होतं."

"आणि त्या आजी?"

"शेजारी म्हणाले, आता त्या काही परत येणार नाहीत."

मी त्याचा अर्थ त्या वारल्या असा घेतला. पुढे विचारलं नाही. बाईंनीही बहुतेक तोच अर्थ घेतला होता. मी मांजरीला वेताच्या पेटीत घालून रिक्षात बसले. पिवळं पिलू जाळीतून पंजा बाहेर काढून ओरडत होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला लवकर.

घरी बाबांनी पेटीकडे पाहिलं. "हे काय?"

"मांजर."

"ते दिसतंय. कशाला आणलंस?"

"मला हवं होतं कधीचं."

"मग त्याच्यासाठी घरी थांबणार का तू?"

ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी माझ्या जागी एक मांजर आणून ठेवलं होतं, म्हणजे मला निर्धास्त शाळेत जाता यावं.

पेटी उघडताच मांजरी वॉशिंग मशीनच्या मागे शिरली आणि तिथून हलेना. दुसऱ्या दिवशी मी तशीच शाळेत गेले. तासाला उभी होते पण डोकं घरात होतं. दोन मुके जीव एका घरात कोंडून मी आले आहे असं वाटत राहिलं.

परतले तेव्हा बाहेरूनच बाबांचा आवाज ऐकू आला. मला वाटलं कुणी आलंय. आत गेले तर बाबा मोरीच्या दाराशी पाट टाकून बसले होते आणि गुजराती वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. पाणी कधी येणार नाही, कुठला पूल बंद, कुणाच्या लग्नाचा मांडव जळाला. वॉशिंग मशीनच्या कडेला राखाडी नाक दिसत होतं.

"तिला मराठी येत नाही," बाबा मान वर न करता म्हणाले. "सकाळपासून मराठीत बोलावतोय, ढिम्म. गुजराती म्हटल्यावर बघ, कान टवकारले."

आई गेल्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

ती बाहेर आली आणि मग घर तिचंच झालं. बाबांनी तिला बाईसाहेब म्हणायला सुरुवात केली. हिंचक्यावर त्यांच्या उजव्या हाताची जागा तिची. आधी आम्ही तिला दूध-पोळी दिली, ती तिने हुंगून सोडली. मग मी एका रात्रीच्या जेवणाला सुकट केली, आम्ही पडलो मासे खाणारे, आणि तव्यावर सुकट पडताच बाईसाहेब ओट्याशी येऊन मागच्या पायांवर उभ्या राहिल्या. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आपल्यातलीच निघाली!" दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वतः बाजारात जायला लागले. आई गेल्यापासून ज्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ते सुकट, जवळा, बोंबील यांचे भाव मला सांगायला लागले. तिच्यासाठी सुकटीचा वेगळा डबा झाला. संध्याकाळी मी वह्या तपासत बसायची आणि बाहेरून कुरकुरत्या हिंचक्याचा आणि बाबांच्या गप्पांचा आवाज येत राहायचा. मला वाटायचं, जमलं आपल्याला. मी पुन्हा निवांतपणे शाळेत थांबायला लागले, विज्ञान मेळाव्याची तयारी, अमकं, तमकं.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. स्टाफरूममध्ये असताना आश्रयस्थानाच्या बाईंचा फोन आला.

"बेन, त्या वाडीच्या आजी आहेत."

मला आधी कळलंच नाही. "कुठे आहेत?"

"म्हणजे जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, बरेच दिवस अंथरुणावर होत्या. आता मुलाकडे असतात. वाडीच्या घरी जाऊ देणार नाहीत, एवढंच शेजारी म्हणत होते. मीच नीट विचारलं नाही. काल मुलगा इथे आला होता, मांजर शोधत. तुमचा नंबर मी दिलेला नाही. आमच्या नियमाने ती तुमची आहे. दिली नाहीत तरी तुम्हाला कुणी बोलणार नाही. मी फक्त तुमच्या कानावर घातलं."

फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते मला आठवतं. हा फोन आलाच नसता तर बरं झालं असतं.

मी घरी जाऊन चपला काढायच्या आधीच बाबांना सांगितलं. खाली बसले असते तर सांगितलं असतं, अशी मला माझी खात्री नव्हती. बाईसाहेब त्यांच्या मांडीवर पाय पसरून झोपल्या होत्या.

"आजी जिवंत आहेत?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे आपण दुसऱ्याचं मांजर घेऊन बसलोय."

"असं कसं म्हणता? आपण रीतसर आणलंय. त्यांनी तिला आत कोंडून टाकली होती, बाबा. मेली असती ती."

"पडलेल्या माणसाने काय काय सांभाळायचं?" ते म्हणाले. "तुझी आई पडली तेव्हा गॅसवर दूध होतं. आठवतं? आपण दोघंही घरात होतो. भांडं जळून काळं झालं तरी कुणाला वास आला नाही."

मग त्यांनी दोन्ही हातांनी बाईसाहेबांना उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं. ती पुन्हा वर चढली. त्यांनी पुन्हा खाली ठेवलं. "सवय मोडायला हवी तिची," ते म्हणाले आणि आत निघून गेले. पुढचे काही दिवस ते हिंचक्यावर बसलेच नाहीत. आतल्या खुर्चीत बसत आणि मांडीवर वर्तमानपत्र उघडून धरत, म्हणजे तिला चढायला जागा मिळू नये. ती खुर्चीच्या पायाशी बसून वर पाहत राहायची. मी ते पाहत स्वयंपाक करायची. तिला इथे आणली ती मी, आता घेऊन जाणारही मीच, आणि मधल्या मध्ये बाबा पुन्हा गप्प झाले होते.

आश्रयस्थानाच्या बाईंकडून मुलाचा नंबर घेतला. रविवारी पेटी घेऊन आम्ही दोघं निघालो. बाबा म्हणाले होते, मीही येतो.

मुलाचा फ्लॅट वासणा रोडच्या एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर होता. दार त्यानेच उघडलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस. आनंद होण्याऐवजी पेटी पाहून त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने मला नमस्कार केला, बाबांना "या काका" म्हणाला आणि आवाज न करता आम्हाला आतल्या खोलीत नेलं.

त्या आजी, घरात सगळे त्यांना बा म्हणत, पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. शेजारी वॉकर. अंगाने एवढ्याशा, पांढरी सुती साडी, हातावर बारीक गोंदण. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. पेटीकडे पाहून त्यांनी लेकराला बोलवावं तशी हळूच हाक मारली, "आव, दीकु."

मी पेटीची कडी काढली. नव्या जागी ही पलंगाखाली शिरणार, याची मला खात्री होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते हवंही होतं. पण बाईसाहेब बाहेर आल्या, शेपटी उभी करून सरळ पलंगावर चढल्या आणि बांच्या पोटावर डोकं घासायला लागल्या. बांनी तिच्या कापलेल्या कानाला हात लावला. "हे काय केलं तुला?" मग त्या रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी.

थोड्या वेळाने त्या बाबांना म्हणाल्या, "मी शुद्धीवर होते. मला उचलून नेत होते तेव्हा ही आतल्या खोलीत होती, माळ्यावर. मला माहीत होतं. पण कळ अशी होती की तोंड उघडलं की किंचाळीच निघायची. मला वाटलं, नंतर सांगेन. नंतर सुईने झोपवलं. जाग आल्यावर पहिलं हेच विचारलं, तर हा म्हणाला, पळून गेली, शेजारी खायला घालतात." त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. "हा खोटं बोलतोय हे मला कळत होतं. मी त्याला खोटं बोलू दिलं. खरं ऐकायची हिंमत नव्हती."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. जमिनीकडे पाहत होता.

"काय खाते?" बांनी विचारलं. "दूध-रोटली देता ना?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांना खोटं बोलता येत नाही. "मासे खाते," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला सुनेच्या भांड्यांचा आवाज थांबला. बांनी मांजरीच्या तोंडाकडे पाहिलं, जणू त्यांना तिथे काही दिसणार होतं. "हाय हाय," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम हसल्या. "बाहेर उंदीर मारायची ते मला माहीत होतं. मी आपली बघायची नाही. पण घरात, ताटात? नाही हं, इथे ते नाही चालायचं. आमच्याकडे दूध पिईल, खिचडी खाईल. पूर्वी खायचीच की."

"खाईल," बाबा म्हणाले.

आम्ही उठलो तेव्हा बाईसाहेबांनी मानही वळवली नाही. मुलगा लिफ्टपर्यंत आला. लिफ्ट यायला वेळ लागत होता. तो बाबांना म्हणाला, "काका, कुलूप मी लावलं होतं. आत जाऊन बघितलं नाही. घाईत होतो."

बाबांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "होतं तसं घाईत."

परत येताना रिक्षात पेटी माझ्या मांडीवर होती. रिकामी असूनही मी ती दोन्ही हातांनी धरून बसले होते. आपण बरोबर केलं, असं मी बाबांना म्हणाले. "हं," ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी सुकटीचा डबा रिकामा केला, साबणाने घासला आणि उन्हात वाळत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून बाजारात जाणं बंद झालं. वर्तमानपत्र ते पुन्हा मनात वाचायला लागले.

मी मात्र मोठ्याने बोलत सुटले. शाळेतल्या गोष्टी, शेजाऱ्यांच्या गोष्टी, काहीही. शाळा सुटल्यावर एक मिनिट न थांबता घरी यायची. विज्ञान मेळाव्याचं काम दुसऱ्या बाईंकडे दिलं. बाबा माझं सगळं ऐकून घेत, मधेच विचारत, "तुला शाळेत काम नसतं का हल्ली?" मी जे मांजराकडून करून घेत होते ते स्वतः करायला लागल्यावर कळलं की ते मला येत नाही. त्यांच्याजवळ नुसतं गप्प बसणं मला जमत नव्हतं. तिला जमायचं.

बरेच दिवस गेले. मग मुलाचा फोन आला. "बेन, ती खात नाही. पहिले दोन-तीन दिवस दूध प्यायली. आता तेही नाही. डॉक्टरांना दाखवलं, आजार काही नाही म्हणतात. बाल्कनीच्या कठड्यावर जाऊन बसते. सातवा मजला आहे. बा वॉकर घेऊन तिच्या मागे जातात, परवा पडता पडता वाचल्या. बा म्हणतात, तुम्हाला बोलवा."

मला आनंद झाला. एका म्हातारीचं मांजर उपाशी आहे हे ऐकून माझ्या मनात आनंदाची अशी उकळी फुटली की मी दोन्ही हातांनी फोन धरला. आवाज मात्र मी काळजीचा काढला. त्या आवाजाची मला आजही शरम वाटते.

बाबांना म्हटलं, चला. ते आले नाहीत. "तू जा. मी आलो तर त्यांना वाटेल, मागायला आलाय म्हातारा."

बा तशाच उशांना टेकून बसल्या होत्या. बाईसाहेब त्यांच्या कुशीत. पाठीचा कणा वरून दिसत होता. समोर वाटीत तूप घातलेली मऊ खिचडी सुकून गेली होती.

"बघ," बा मला म्हणाल्या, "मला वाटत होतं, ही मला ओळखणार नाही. त्याचीच भीती होती. तर ओळखते. रात्रभर माझ्या पायाशी झोपते. हाक मारली की येते. तरी जेवत नाही." त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली, जणू मी खाऊन बघावी. "आता काय करू?"

"बा, थोडे दिवस... हळूहळू सवय होईल," मी म्हटलं. मनापासून नाही.

"सवय तुम्ही लावलीत ना." त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. सून दाराशी उभी होती. तिलाही दोष देता येत नव्हता. तिच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं आणि तरी ती माझ्यासमोर अपराध्यासारखी उभी होती. "मी बाजारात विचारलं," ती हळूच म्हणाली, "शाकाहारी खाणं मिळतं का मांजरांचं. आणलंही होतं. नाही खाल्लं."

मी म्हटलं, "मी दर रविवारी आणीन हिला तुम्हाला भेटायला."

बांनी मान हलवली. "नको. येईल, पोटावर डोकं घासेल, आणि परत पेटीत जाईल. दर रविवारी मी तेच करायचं का?" त्यांनी स्वतःच तिला उचललं, पेटीत ठेवलं आणि कडी लावायला माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना तेवढी ताकद नव्हती. "कधी फोनवर दाखव. आणि बाबांना सांग, मला त्यांचा राग नाही."

मी कडी लावली.

घरी बाबा फाटकाशी उभे होते. मांजरी पेटीतून बाहेर आली, घरभर फिरली. बाबांनी डबा पुन्हा भरून ठेवला होता. मी घरातून निघताच ते बाजारात गेले असणार. ती जेवली, अधाशासारखी, आणि बाबा तिच्याशेजारी उकिडवे बसून "हळू, हळू, धीमे धीमे" म्हणत राहिले. मग हिंचक्यावर जाऊन बसले. ती मागोमाग गेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं नाही, पण ती चढली तेव्हा खालीही ठेवलं नाही. त्यांचे हात दोन्ही बाजूंना तसेच होते, बराच वेळ. मग एक हात हळूच तिच्या पाठीवर आला.

पहिल्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल केला. बांनी पडद्यावर येताच हाक मारली, "दीकु! केम छे, दीकु?" बाईसाहेब झोपेतून ताडकन उठल्या. फोनकडे आल्या, पडदा हुंगला, मग फोनच्या मागे जाऊन पाहिलं. मागे माझा हात होता. तो हुंगून ती पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. बांना तिकडे बहुतेक आमचं छत दिसत असावं. "कुठे गेली?" त्या विचारत होत्या. "दिसत नाही. काय करतेय?"

मी म्हणणार होते, खेळतेय. बाबा आधी बोलले. "बा, ती तुम्हाला फोनच्या मागे शोधतेय."

बा फोनवर आणखी वाकल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा फार जवळ होता, एक डोळा आणि कपाळ. "असं?" त्या म्हणाल्या. मागे सरकत म्हणाल्या, "मग फोन नका करत जाऊ. तिला उगाच त्रास." आणि मुलाने फोन बंद केला.

मी बाबांवर चिडले. खरं सांगायची काय गरज होती? ते म्हणाले, "खोटं त्यांना एकदा सांगून झालंय."

तेव्हापासून मी फोटो पाठवते, मुलाच्या फोनवर. उन्हात झोपलेली, खिडकीत बसलेली, पाणी पिताना. तो बांना दाखवतो आणि त्यांच्या वतीने हात जोडल्याची खूण पाठवतो. बा वॉकरशिवाय दोन पावलं चालतात, असं त्याने मधे कळवलं होतं. वाडीचं घर अजून बंदच आहे. बाबांचं बोलणं चालू आहे, बाजार चालू आहे, आणि मी पुन्हा शाळेत थोडी जास्त थांबायला लागले आहे.

फोटो मात्र मला निवडून पाठवावे लागतात. दिवसाचे बरेचसे फोटो हिंचक्यावरचे असतात, बाबांच्या मांडीवर ती, तिच्या पाठीवर त्यांचा हात, दोघांचे डोळे मिटलेले. तेच सगळ्यात चांगले आलेले असतात. ते मी पाठवत नाही. ज्यात ती एकटी असेल असे शोधत बसते.